अर्जदार, इयत्ता सहावी

देगलूरच्या बाजारात मिरच्यांचा ढीग मांडून बसलेली बाई, गिऱ्हाईक समोर येऊन उभे राहताच त्याचा पेहराव, त्याची चाल आणि भाव विचारण्याची त्याची तऱ्हा यांवरून त्याची मायबोली कोणती हे क्षणार्धात ताडते, आणि मराठी, तेलुगू, कानडी व दखनी या चारांपैकी जिच्या योगाने त्याचा खिसा लवकर सैल होईल ती भाषा वापरून सौदा पुरा करते. किनवट-माहूरकडे या हिशेबात गोरमाटी आणि गोंडी यांची भर पडते. आणि खुद्द नांदेड शहरात, सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात ऑटोरिक्षा चालवणारा इसम पंजाबातून आलेल्या यात्रेकरूंशी भाड्याची हुज्जत पंजाबीतूनच घालतो व बहुधा जिंकतो. यांतील एकही परभाषा त्या बाईला अथवा त्या इसमाला कोणी शाळेत शिकवलेली नाही. न शिकवता आलेल्या भाषांची एवढी समृद्धी ज्या मुलखात नांदते, त्याच मुलखात, जी एक भाषा पहिल्या इयत्तेपासून दररोज, फळा, खडू, पाठ्यपुस्तक, स्वाध्यायपुस्तिका आणि प्रसंगी छडी एवढ्या सरंजामानिशी शिकवली जाते, ती मात्र दहावी ओलांडून गेली तरी मुलांच्या जिभेवर चढत नाही, हे पाहून शिक्षणशास्त्राचे पंडित चिंताक्रांत होतात, परिसंवाद भरवतात आणि शिक्षकांना दोष देऊन जेवायला जातात.

आम्हांस ही चिंता अनाठायी वाटते. कारण, मधल्या इयत्तांतील इंग्रजीचे वर्ग, प्रश्नपत्रिका आणि वह्या यांचे दीर्घकाळ अवलोकन केल्यानंतर आमचे असे निश्चित मत झाले आहे की त्या तासाला इंग्रजी शिकवण्याचा कोणाचा उद्देशच नसतो. त्या तासाला एक निराळी, इंग्रजीहून पुरातन, इंग्रजीहून उपयुक्त आणि या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली विद्या शिकवली जाते, आणि ती शंभर टक्के यशस्वीपणे शिकवली जाते. त्या विद्येचे नाव अर्जनविशी.

सरकारदप्तरी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीचा हुद्दा ‘तृतीय भाषा’ असा लागलेला आहे. प्रथम मराठी, द्वितीय हिंदी आणि तृतीय इंग्रजी. ही उतरंड कागदावर शोभते. लोकव्यवहारात ती डोक्यावर उभी असते. पोर मराठीत नापास झाले तर आई ‘वाचन कमी पडलं’ म्हणते, गणितात नापास झाले तर बाप ‘आमच्या घराण्यातच न्हाय’ म्हणतो, परंतु इंग्रजीत नापास झाले तर उभयता मिळून त्याच्या अकलेचीच पंचाईत करतात. या समजुतीला शासनाचाही थोडा हातभार लागलेला आहे. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी व सातवीला होत असे, ती २०१७ पासून पाचवी व आठवीला होऊ लागली; या परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रथम भाषा आणि गणित असते, आणि दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. ज्यांनी इंग्रजी आणि बुद्धिमत्ता यांना एका लिफाफ्यात घातले त्यांच्या मनात केवळ वेळापत्रकाची सोय असेल. परंतु गावोगावच्या पालकांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला आहे, आणि तो आता कोणत्याही परिपत्रकाने रद्द होण्यासारखा नाही.

अर्जनविशीची परंपरा समजण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. निजामाच्या अमलात शाळांच्या तीन पायऱ्या असत: तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली आणि फौकानिया म्हणजे वरची. वस्तानियेपर्यंत पोचलेले पोर गावात विद्वान गणले जाई. आणि त्याच्या विद्वत्तेची कसोटी एकच होती, ती म्हणजे तहसिलीत दाखल करण्याजोगी दरखास्त त्याला लिहिता येते की नाही. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हैदराबादच्या दरबाराने फारसीला रजा देऊन उर्दूला कचेरीत बसवले, तेव्हा मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या दृष्टीने फरक एवढाच पडला, की पूर्वी त्याला न समजणारा अर्ज फारसीत असे, तो आता उर्दूत असू लागला. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देऊ लागले. तेथेही इंग्रजी हा विषय सक्तीचाच ठेवण्यात आला होता. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात दाखल झाला. अंमल बदलले, झेंडे बदलले, नकाशावरील रेघा बदलल्या, शाळेचे माध्यम बदलले. परंतु अर्ज मात्र आपल्या जागेवरून तसूभर हलला नाही. आजोबांनी ‘हुजूर’पासून आरंभ करून ‘फिदवी’ने शेवट केला, नातू ‘रिस्पेक्टेड सर’पासून आरंभ करून ‘यूअर्स ओबिडियंटली’ने शेवट करतो, मधला मजकूर आजोबांना कळत नव्हता आणि नातवालाही कळत नाही, ही परंपरेची अखंडता पाहून कोणाही इतिहासप्रेमी माणसाचे अंतःकरण भरून यावे.

या विद्येचा श्रीगणेशा रजेच्या अर्जाने होतो. पाठ्यपुस्तके बदलतात, पुस्तकांवरील चित्रे बदलतात, १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने आजवर कितीतरी अभ्यासक्रम आणले आणि निवृत्त केले, परंतु रजेच्या अर्जातील आजार बदलत नाही. तो ताप असतो. त्या तापाला आदल्या रात्री आरंभ झालेला असतो, डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितलेली असते, आणि अर्जदार प्रकृती सुधारताच बुडालेला अभ्यास भरून काढण्याची हमी देतो. सहामाही परीक्षेत पत्रलेखनाचा प्रश्न आला की नांदेडपासून निलंग्यापर्यंत हजारो बालके एकाच दिवशी, एकाच वेळी, ‘एक्सवायझेड नगर’ या एकाच पत्त्यावर तापाने फणफणतात, आणि आपण अंथरुणावरून उठू शकत नसल्याचे, परीक्षेच्या सभागृहात हजर राहून, स्वदस्तुरांनी लिहून देतात. एवढी मोठी साथ येऊनही आरोग्य खात्याने आजपर्यंत तिची दखल घेतलेली नाही.

मुखेडकडील एका घरात हा अर्ज पाठ करण्याचे काम ओसरीवर मोठ्याने चालू होते. शेतातून आलेल्या वडिलांनी बैल बांधले, पाय धुतले आणि कौतुकाने विचारले, “काय वाचायलास रे?”

“सुट्टीचा अर्ज हाय, आबा.”

“अन् काय म्हणून पाह्यजे सुट्टी?”

“मला ताप आलाय म्हणून.”

वडिलांनी तत्काळ त्याच्या कपाळाला हात लावला. “आंग तर गार हाय की!”

“खरा न्हाय आबा,” पोराने अत्यंत सहनशीलतेने समजावले, “इंग्रजीतला ताप हाय.”

वडील यावर काही बोलले नाहीत. श्रावणात त्या पोराला खराखुरा ताप आला होता तेव्हा त्याने कोणताही अर्ज दिला नव्हता; शेजारच्या मुलीबरोबर ‘आज यायला जमत न्हाय’ एवढाच निरोप पाठवला होता आणि गुरुजींनी तो मान्यही केला होता. परंतु खऱ्या तापाला निरोप पुरतो आणि खोट्या तापाला अर्ज लागतो, हा शासनव्यवहारातील मूलभूत सिद्धांत त्याच ओसरीवर बापलेकांना एकाच वेळी उमगला, आणि तो इंग्रजीच्या तासानेच उमगला, हे आम्ही त्या विषयाच्या खात्यावर जमा करतो.

अर्ज लिहिता आला की पुढचा पाठ प्रयोगाचा: कर्तरीचा कर्मणी करा. ‘राम आंबा खातो’ या वाक्यात राम उघडउघड आरोपी आहे. ते उलटवले की आंबा खाल्ला जातो आणि राम वाक्याच्या शेपटाला लटकत राहतो. पुढे गुरुजी असा नियम सांगतात की कर्ता कोण हे ठाऊक नसेल, किंवा सांगणे महत्त्वाचे नसेल, तर तो गाळला तरी चालतो. ज्या दिवशी हा नियम सहावी-सातवीच्या पोराला समजतो त्या दिवशी तो प्रशासनाचा नागरिक होतो. आमच्या तालुक्यांत रस्ते करण्यात येतात, निधी वर्ग करण्यात येतो, चौकशी नेमण्यात येते आणि फाइल गहाळ झाल्याचे निदर्शनास आणून देण्यात येते. हे सर्व कोण करतो, हे वाक्यात शोधूनही सापडत नाही. ओढ्यावरचा पूलही असाच ‘बांधण्यात’ आला होता. पहिल्या पुरात वाहून मात्र तो स्वतः गेला. त्या एका वाक्यापुरता शासनाने कर्तरी प्रयोग वापरला.

येथे एका साहेबाचे स्मरण करणे उचित होईल. ज्या व्याकरणग्रंथाने भारतातल्या कैक पिढ्यांना हा प्रयोग शिकवला, त्या ‘रेन आणि मार्टिन’मधील पी. सी. रेन हे इंग्रज सरकारच्या शिक्षणखात्यात मुंबई इलाख्यात आणि कराचीस नोकरीस होते. आपल्याकडे ते केवळ व्याकरणकार म्हणून पूज्य आहेत. बाहेरच्या जगात मात्र त्यांची कीर्ती १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बो जेस्ट’ या साहसी कादंबरीवर उभी आहे. त्या कादंबरीत घरातील एक मौल्यवान नीलमणी नाहीसा होतो, आणि तीन भाऊ, एकमेकांना वाचवण्यासाठी, चोरीचा आळ आपापल्या शिरावर घेऊन घर सोडतात व फ्रान्सच्या परदेशी पलटणीत भरती होतात. म्हणजे ज्या गृहस्थांनी कादंबरीत एका गुन्ह्याला तीन-तीन कर्ते पुरवले, त्यांनीच व्याकरणात लक्षावधी भारतीय मुलांना कर्ता गाळण्याची सवलत दिली! गोऱ्या वाचकांना त्यांनी औदार्य शिकवले आणि आम्हांला कारभार. ज्याची ज्याला गरज ते त्याला पोचले, असेच म्हणावे लागेल.

यापुढील पायरी प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करण्याची. या पाठाचे नियम मुलांकडून कोष्टकाच्या रूपाने पाठ करून घेतले जातात, आणि ते कोष्टक इतके मार्मिक आहे की ते तालुका कचेरीच्या दर्शनी भिंतीवर लावण्यास हरकत नसावी. मूळ वाक्यातील ‘आत्ता’चे ‘तेव्हा’ करावे, ‘येथे’चे ‘तेथे’ करावे, ‘हे’चे ‘ते’ करावे आणि ‘उद्या’चे ‘दुसऱ्या दिवशी’ करावे, असे व्याकरण सांगते. सातबाराच्या फेरफारासाठी ज्याने एकदाही चप्पल झिजवली आहे त्याला हे नियम नव्याने शिकावे लागत नाहीत. साहेब निवडणुकीच्या सभेत ‘आत्ता, येथे, हे’ म्हणतात. तेच वाक्य खिडकीपलीकडच्या बाबूंच्या मुखातून बाहेर पडते तेव्हा ‘तेव्हा, तेथे, ते’ होऊन येते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काडीची चूक नसते. उलट, सहावी-सातवीत हा पाठ ज्याने मन लावून केला आहे असा मनुष्य खिडकीसमोर कधी संतापत नाही. तो मनात म्हणतो, रूपांतर नियमाप्रमाणे झाले आहे, आणि दुसऱ्या दिवशी येतो.

परंतु या सर्व शाखांचा मुकुटमणी म्हणजे न पाहिलेला उतारा. विद्यार्थ्याने पूर्वी न वाचलेल्या गद्याचा अर्थ त्याला कितपत लागतो हे पाहावे, असा या प्रश्नामागचा मूळ हेतू. आमच्या मुलांनी त्या हेतूला वळसा घालून जाणारी एक पायवाट शोधून काढली आहे, आणि ती एका पिढीकडून दुसरीकडे तोंडी उपदेशाने येते. प्रश्नातला सर्वांत लांब शब्द हेरावा. तो उताऱ्यात जेथे असेल तेथे बोट ठेवावे. मागच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंतचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढावा. या रीतीने अर्थ कळण्याची आवश्यकता राहत नाही, इतकेच नव्हे तर अर्थ अस्तित्वात असण्याचीही राहत नाही. ‘द ढबू पिंगल्ड द टिंबू ॲट नून’ असे वाक्य उताऱ्यात घालून ‘ढबूने टिंबूला केव्हा पिंगल केले?’ असा प्रश्न इंग्रजीत विचारला, तर सातवीतील मध्यम कुवतीचा विद्यार्थीही ‘ॲट नून’ असे निर्भयपणे उत्तर देईल व पैकीच्या पैकी गुण घेईल. माहितीच्या अधिकाराखाली ज्यांना कधी उत्तर आले आहे, त्यांना ही शैली ओळखीची वाटेल: आपल्याच अर्जातील वाक्य, मागच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंत, सुवाच्य अक्षरात परत आलेले असते.

निबंधाच्या तासाला मात्र आमचे मन थोडे उदास होते. नांदेड जिल्हा हा लाल कंधारी गाईचा मुलूख, आणि लातूर जिल्हा देवणीचा. देवणीत वानेरा कोणता, बालंक्या कोणता आणि शेवरा कोणता हे येथले दहा वर्षांचे पोर लांबून सांगते. दात पाहून वय सांगते, वशिंड पाहून ताकद सांगते, आणि लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत रुमालाखाली दोन व्यापाऱ्यांच्या बोटांचा जो मूक व्यवहार चालतो तो पाहून सौदा कितीपर्यंत गेला असेल याचा अंदाजही सांगते. हेच पोर इंग्रजीच्या वहीत गाईवर निबंध लिहावयास बसले की त्या गाईला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट एवढीच सामग्री उरते. तिला जात नसते, रंग नसतो, दात नसतात, किंमत नसते. ती ‘उपयुक्त प्राणी’ असते आणि आम्हांला दूध देते. जत्रेच्या निबंधाचीही तीच गत. माळेगावात घोडे असतात, गाढवे असतात, उंट असतात, वाघ्या-मुरळी असतात, तमाशाच्या राहुट्या असतात, आणि खंडोबाच्या नावाने उधळलेला भंडारा दोन दिवस कानांतून निघत नाही. परंतु इंग्रजी जत्रेत एक मोठा पाळणा असतो, फुगे असतात, ‘मेनी शॉप्स’ असतात, आणि लेखकाला ‘व्हेरी मच’ आनंद होतो. यावर कोणी म्हणेल, मुलाजवळ शब्द नाहीत. शब्द मिळवता येतात. खरी गोष्ट ही की डोळ्यांनी पाहिलेले अर्जात लिहावयाचे नसते, नमुन्यात असेल तेच लिहावयाचे असते, हा धडा ते पोर निबंधाआधीच शिकून बसलेले असते.

गुरुजींना यात दोष देणे हा कृतघ्नपणा होईल. ते बिचारे ‘वन्स देअर वॉज अ किंग’ एवढे वाचून पुस्तक पालथे घालतात आणि म्हणतात, “म्हणजे काय झालं लेकरांनो, एका गावात एक राजा होता, अन् तो राजा होता लय चिकट.” मूळ पाठात राजाच्या चिकटपणाचा उल्लेख नसतो, राणीशी झालेले त्याचे भांडणही नसते, प्रधानाची नक्कल तर नसतेच नसते. तरीही पाऊण तास वर्ग तल्लीन होऊन ऐकतो. मराठीच्या तासाला उपमा आणि उत्प्रेक्षा यांतील भेद चाललेला असतो, तेव्हा मराठी भाषेची खरी गोडी मुलांना इंग्रजीच्या तासालाच लागते, हे सत्य मराठीच्या अभिमान्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे; आणि इंग्रजी हटवण्याची मागणी करण्यापूर्वी, मग मराठी कोणत्या तासाला शिकवणार, याचाही विचार करावा.

लातुरात या सर्व विद्येला शास्त्राचे स्वरूप आलेले आहे. लातूर जिल्हा स्वतंत्र झाला तो १९८२ साली. परंतु ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पुढे राज्यभर असे दुमदुमले की जिल्ह्याहून पॅटर्नच वडील वाटावा. सराव परीक्षा, तिच्यावर सराव परीक्षा, आणि त्या दोहोंतील चुकांवर पुन्हा सराव परीक्षा, हे त्या पद्धतीचे सार. दहावी-बारावीसाठी ते फळाला आले, आणि फळ दिसताच त्याचे कलम मधल्या इयत्तांवर बांधण्यात आले. शिकवणीच्या पाट्यांवर आता सहावीचे पोर वैद्यकीय प्रवेशाच्या वाटेवर निघालेले असते. अशा पोराला ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ कोठे घालावे हे विचारा; ते कारण देणार नाही, परंतु उत्तर चुकणार नाही, कारण तो प्रश्न त्याच्या हाताखालून इतक्या वेळा गेलेला असतो की बोटच आपण होऊन योग्य पर्यायाचे वर्तुळ काळे करते. भाषा मेंदूत असते असे शास्त्रज्ञ म्हणतात. तर्जनीतही असू शकते, हा लातूरचा शोध आहे.

इंग्रजी केव्हापासून शिकवावी, या प्रश्नावर आमच्या राज्यकर्त्यांनी जेवढा विचार केला तेवढा ती कशासाठी शिकवावी यावर केला असता तर बरे झाले असते असे काही लोक म्हणतात; आम्ही त्यांच्यापैकी नाही. बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत मुंबई राज्याने ती आठवीपर्यंत पुढे ढकलली. महाराष्ट्रात ती पाचवीवर आली. आणि २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, थेट पहिलीत दाखल झाली. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांतून घनघोर वाद झाले. फलित एवढेच, की जो ताप पूर्वी चौदाव्या वर्षी यायचा तो पुढे दहाव्या वर्षी येऊ लागला आणि आता दुधाचे दात पडण्याच्या सुमारास येतो; तापाचे मान, डॉक्टरांचा सल्ला आणि अर्जाचा मायना यांत कोणताही बदल झालेला नाही.

आता यावर कोणी आमच्यावर असा आक्षेप घेईल की या मुलखात इंग्रजी जाणणारे झालेच नाहीत काय? झाले, आणि उत्तम झाले. स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या आपल्या आठवणी इंग्रजीत ग्रंथबद्ध केल्या. तेही मूळचे शाळामास्तरच. परंतु त्यांना निजामासारख्या सत्तेला काही सांगावयाचे होते, आणि ज्याला काही सांगावयाचे असते त्याला भाषा आपण होऊन येते. याचा पुरावा हवा असेल तर मुखेडच्या त्याच ओसरीवर परत चला. ज्या वडिलांनी ‘इंग्रजीतल्या तापा’साठी मुलाच्या कपाळाला हात लावला, तेच वडील डीपी जळाली असता वीज कंपनीच्या माणसाला फेज, फ्यूज, केबल आणि व्होल्टेज यांची नेमकी हकिकत देतात; आणि सोयाबीन घेऊन मोंढ्यात उभे राहिले की ‘मॉइश्चर बाराच्या आत हाय, काटा मारू नका’ असे अडत्याला अशा स्वरात बजावतात की त्यात ना उच्चाराची शंका उरते ना अर्थाची. त्यांच्या इंग्रजीला क्रियापद नाही, काळ नाही, उपपद नाही. परंतु कर्ता आहे, आणि तो समोर उभा आहे. म्हणूनच त्यांना ही भाषा येते. आणि म्हणूनच ती सहावीच्या परीक्षेत नापास होईल.

मुलाचे पुढे काय होते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आमच्यावर निराशावादाचा आरोप येईल. ते पोर यथाकाल मोठे होते, लातुरास अथवा पुण्यास जाते, आणि एके दिवशी वसतिगृहासाठी, दाखल्यासाठी किंवा कर्जासाठी एका कचेरीच्या खिडकीसमोर उभे राहते. तेथे ते कागद काढते आणि ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट’ असा ओघ सुरू करते, आणि तो ओघ ‘ओबिडियंटली’पाशीच थांबतो, मध्ये सवयीने एखादा तापही येऊन जातो. खिडकीपलीकडचे बाबू हे अहमदपूरचे किंवा बिलोलीचे असतात, तेही एके काळी याच वर्गात याच बाकावर बसलेले असतात. ते अर्जाचा आरंभ पाहतात, शेवट पाहतात, मधला मजकूर पाहण्याच्या फंदात पडत नाहीत, आणि शिक्का मारतात. लिहिणाऱ्याला काय लिहिले ते ठाऊक नाही, वाचणाऱ्याने काय आले ते वाचलेले नाही, आणि काम मात्र झालेले आहे: दोन मनुष्यांमध्ये इतका निर्मळ समझोता जगातील फार थोड्या भाषांनी घडवून आणला असेल.

धोका असलाच तर तो उलट बाजूने आहे. समजा, एखाद्या उत्साही गुरुजींच्या हातून चुकून एखादे पोर खरोखरच इंग्रजी शिकले. आणि पुढे त्याने आपल्या अर्जात आपल्याला काय हवे, ते का हवे आणि ते कोणी द्यावयास हवे, हे चार स्वच्छ वाक्यांत, कर्त्यासह, ताप न आणता लिहिले. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईल, प्रत्येक जण तो वाचील, वाचता आला म्हणून अस्वस्थ होईल, आणि अखेर त्याच्या समासात लाल शाईने शेरा पडेल: ‘अर्ज विहित नमुन्यात नाही, सबब परत.’